भोईर सरांचं ऊन

करावे गावात भाड्याची जागा बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. नोकरी कुठे, घरात माणसं किती, मासळी चालते का, यातलं काही नाही. मासळी न चालणारा माणूस करावे गावात किती दिवस टिकला असता, हा भाग वेगळा. उंच, काटकुळे, चष्मा कपाळावर ढकललेले ते गृहस्थ माझ्या बायकोकडे वळले आणि म्हणाले, "चादरी कुठे वाळत घालता?"

मनीषा साताऱ्याची. तिला आडून बोलणं जमत नाही. "म्हंजे?" तिने विचारलं.

"म्हणजे धुतलेल्या चादरी. पुढच्या बाल्कनीत घालणार असाल तर जागा मिळणार नाही. टॉवेल चालेल, शर्ट चालेल. चादर गच्चीवर."

आम्ही कबूल झालो, कारण भाडं परवडत होतं आणि न्हावा शेव्याची कंपनीची बस कोपऱ्यावर थांबत होती. जिना उतरताना मनीषा माझ्या कानात म्हणाली, "म्हातारा चक्रम हाय." पुढे सात-आठ वर्षं आम्ही त्या चक्रम माणसाच्या डोक्यावर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, राहिलो आणि तिचं हे मत तिने कधी बदललं नाही. फक्त ते सांगतानाचा सूर बदलत गेला.

चादरीचं कारण दुसऱ्याच दिवशी कळलं. इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये मातीचा एक लांबट पट्टा होता. इतर कुठल्याही मालकाने तिथे दुचाक्या लावायला दिल्या असत्या. भोईर सरांनी तिथे वांगी लावली होती. वरून चादर सोडली की तिची सावली वांग्यांवर पडते, असं त्यांचं म्हणणं. ती खरंच पडते का, हे मी एकदा मुद्दाम बघितलं. एका कोपऱ्यावर जेमतेम, तीही चहा उकळेपर्यंत. पण हे सरांना सांगायची माझी छाती झाली नाही.

सर म्हणजे ज्युनिअर कॉलेजातले निवृत्त जीवशास्त्राचे शिक्षक. जन्म याच गावातला, आगरी घरातला. शेतं शहराच्या पोटात गेली, हाती आलेल्या जागेवर ही इमारत उभी राहिली आणि सर तळमजल्यावर राहू लागले. वर्गात आयुष्यभर बोललेली स्वच्छ पुस्तकी मराठी ते घरीही बोलत. फक्त फार राग आला किंवा फार आनंद झाला की ती मराठी पायातल्या चपलेसारखी बाहेर राहायची आणि सर गावाच्या बोलीत शिरायचे. त्यामुळे सरांचा आवाज जिन्यात ऐकू आला की आम्ही शब्दांकडे आधी लक्ष द्यायचो. "तुम्ही नळ चालू ठेवलात" म्हणजे काळजी नाही. "तुमी पानी सोरलाव" म्हणजे घरात बसून राहिलेलं बरं.

त्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणत. गोल, हसऱ्या, बोलण्यात सरांच्या दुप्पट. त्या बोली सोडून दुसरं काही बोलतच नसत आणि नवऱ्याला "मास्तर" म्हणत. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे सरांनाही शेवटपर्यंत कळलं नसावं.

सरांना माणसं झाडांवरून कळत. म्हणजे निदान त्यांना तसं वाटे. कोणी कौतुकाने सांगितलं, की मुलगा दहावीत पंचतारांकित क्लासला जातो, पहिला येतो, तर सर त्या मुलाकडे खालपासून वरपर्यंत बघून म्हणत, "उंच झालाय. पानं पातळ आहेत." मुलगा आपल्या हातांकडे बघायचा. आईबाप घरी जाऊन एकमेकांना विचारायचे, की सर बरं बोलले की वाईट. समोरच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी सभेत सतत उभे राहून बोलत, त्यांना सर "सावलीतलं झाड" म्हणत. मला काय म्हणत, ते काकूंनी एकदा सांगितलं होतं. ते इथे लिहिण्याची गरज नाही.

हे पातळ पानांचं प्रकरण मला पहिल्याच वर्षी कळलं, तेही चूक बोलल्यामुळे. सरांनी एका क्रेटमध्ये रोपं केली होती. दाट, हिरवीगार, बोटभर बोटभर उंच. मी ऑफिसातून येता येता म्हणालो, "वा सर! काय जोमाने वाढलीत!" माझं सगळं आयुष्य कंटेनर एकमेकांना खेटून रचलेले बघण्यात गेलेलं. खेटून लावलेलं काहीही मला नीटनेटकंच वाटतं.

सरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. हे वाईट लक्षण.

"जोमाने नाही. घाबरून वाढलीत ती."

मग माझा तिथेच, हातात डबा आणि बॅग असताना, तास घेतला. पान उन्हातला तांबडा रंग खातं, सर म्हणाले. त्याच्या पलीकडचा एक गडद तांबडा असतो, आपल्या डोळ्याला जवळजवळ न दिसणारा. तो पानाला नको असतो, ते तो परतवून देतं. तो शेजारच्या रोपाच्या अंगावर पडतो. त्याबरोबर शेजाऱ्याला समजतं, की बाजूला कोणी तरी उभं आहे.

"सावली पडायच्या आधीच समजतं हं. आपल्याला शेजारी कोण आलं ते ढोल वाजल्यावर कळतं. याला आधी कळतं. मग ते काय करतं? वर पळतं. खोड लांब, पान पातळ. ऊन आधी मला मिळालं पाहिजे."

"मग चांगलंच की."

"चांगलं? आणि किडे?" सरांचा आवाज चढला. "एरवी किडा चावला की झाड वाढ आवरतं, पानात कडू रस भरतं. किड्याचं पोट बिघडलं पाहिजे, हा उद्देश. पण शेजारी दिसला की आतून निरोप जातो, कडू रस राहू दे, आधी वर चला. नुसती ताकद कमी पडते म्हणून नव्हे हो. झाड ठरवतं. एका हाताने शिडी धरायची आणि दुसऱ्याने माश्या हाकलायच्या, तर दोन्ही नीट होत नाही. ते शिडी धरतं."

माझ्या चेहऱ्यावर शंका दिसली असावी. शंका दिसली की सरांतला शिक्षक जागा व्हायचा. त्यांनी दाटीतल्या रोपाचं एक पान खुडलं, वाफ्यातल्या मोकळ्या झाडाचं एक खुडलं, दोन्ही स्टीलच्या डब्याच्या झाकणात समोरासमोर ठेवली आणि मधोमध एक हिरवी अळी सोडली. काकू, मनीषा, पहिल्या मजल्यावरचे दोघं, सगळे कोंडाळं करून उभे राहिले. "आता बघा, कुठे जाते," सर म्हणाले.

अळी कुठेच गेली नाही. ती बराच वेळ विचार करत बसली. मग झाकणाची कड चढून खाली उतरली आणि अंगणात वाळत घातलेल्या काकूंच्या पापडांच्या दिशेने निघाली.

"मास्तर, तिला पापड पायजे!" काकू ओरडल्या. त्या दिवसापासून आमच्या इमारतीत कोणाचं म्हणणं खोटं ठरलं, की "पापड पायजे" असं म्हणायची पद्धत पडली. सर मात्र खचले नाहीत. त्यांनी नवी अळी आणली, झाकणावर जाळी बांधली आणि सकाळी मला कामावर जाताना थांबवलं. दाटीतल्या पानाची चाळणी झाली होती. मोकळ्या पानाला एका कोपऱ्यात चावून सोडून दिलं होतं. सरांनी ते झाकण दिवसभर दारात ठेवलं, येणाराजाणारा बघेल असं. काकूंनी संध्याकाळी ते उचलून घासलं.

आता त्या वांग्यांबद्दल सांगायला हवं. ती साधी बाजारातली वांगी नव्हती. फिकट हिरवी, पांढऱ्या रेघांची, आणि देठापासून पानापर्यंत काटेरी. सरांची आई ती खाडीकडच्या शेताच्या बांधावर लावायची. माती खारट, वारा खारट, तरी ती यायची. शेत गेलं, बांध गेला, आई गेली. बी तेवढं राहिलं. आई ते राखेत घालून मडक्यात ठेवायची, सर बाटलीत ठेवायचे. दर वर्षी लावायचं, दोन चांगली फळं झाडावरच पिवळी होऊ द्यायची आणि त्यांचं बी धरायचं. सुक्या बोंबलांत घातलेलं ते वांगं मी खाल्लं आहे. त्यानंतर सरांचं कितीही ऐकून घ्यायची माझी तयारी असे.

पण बी ते कोणाला देत नसत. सख्ख्या मेहुण्याने मागितलं, तरी नाही. "लोक फवारतात," सर म्हणायचे. "खेटून लावतात. मग किडीने गेलं की म्हणतात, बियाणंच वाईट." मागणारा रागावून गेला की काकू कपाळाला हात लावायच्या. "आयनं सगल्या गावाला वाटला. ह्यो बाटलीला बूच लावून बसलाय."

मग शेजारची जुनी इमारत पाडली. टॉवर येणार होता. टॉवर पलीकडच्या टोकाला होता, पण त्याच्या गाड्यांसाठी जी भिंतवजा इमारत उभी राहिली, ती थेट आमच्या कंपाउंडला लागून. आधी पत्रे आले, मग स्लॅब, मग आणखी एक स्लॅब. वाफ्यावरचं ऊन एका टोकाने गुंडाळत गेल्यासारखं कमी होत गेलं. शेवटी फाटकाजवळ दारापुरता एक तुकडा उरला, तोही दुपारपुरता. सर रोज त्या तुकड्याशी उभे राहायचे आणि भिंतीकडे बघायचे. बिल्डरच्या माणसाशी ते एकदा बोलायला गेले. तो अदबीने म्हणाला, "सर, गार्डनसाठी आम्ही आर्टिफिशियल ग्रास देऊ." तेव्हा सर ज्या भाषेत बोलले, ती पुस्तकी मराठी नव्हती.

आणि त्या वर्षी सरांनी जी गोष्ट केली, ती दुसऱ्या कोणी केली असती तर त्यांनी त्याला फाटकाबाहेर काढलं असतं. त्यांना वाटलं, पुढच्या वर्षी हा तुकडाही राहणार नाही. जुनं बी उगवायचं थांबेल. म्हणून बाटलीतलं सगळं बी, अगदी तळ झटकून, त्यांनी एकदम पेरलं. आणि आलेलं प्रत्येक रोप त्या दाराएवढ्या उन्हात लावलं. खेटून. मुंबईच्या चाळीत माणसं राहतील तशी.

आम्ही सगळे बघत होतो. ज्याला सरांनी विरळणी शिकवली नाही असा माणूस इमारतीत नव्हता. दोन रोपांमध्ये हातभर अंतर, बाकीची उपटा, मन घट्ट करा, हे आम्ही झोपेतही म्हणू शकलो असतो. पण ही उपटायची म्हणजे आईची उपटायची. सरांचा हात रोपापर्यंत जायचा आणि त्याच्यावरची धूळ पुसून परत यायचा.

झाडं उंच झाली. फारच उंच. सरांनी त्यांना काठ्या बांधल्या. पानं पातळ, लुसलुशीत, आणि काटे जवळजवळ नाहीतच. मग एका सकाळी शेंडे माना टाकून लोंबलेले दिसले. शेंड्याच्या आत अळी शिरली होती. सर सकाळ-संध्याकाळ वाकून एक एक शेंडा कापत, अळी काढत. फवारणार नव्हतेच. दुसऱ्या दिवशी आणखी शेंडे लोंबलेले. बाटली रिकामी होती. ही झाडं गेली असती तर ते वांगं जगातून गेलं असतं, आणि सरांना ते आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्या दिवसांत त्यांनी कोणाच्या मुलाला पातळ पानांचा म्हटलं नाही. इमारत अगदी सुनी वाटायची.

एक दिवस काकू दारात बसून मोठ्याने म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सगल्या दुनियेला शिकवला, न आपल्या दारान येक रोप उपटवत नाय. मास्तर, ती वांगी घाबरली नाय. तुमीच घाबरलाव."

सर वाफ्याकडे वळून एका काठीची गाठ पुन्हा बांधू लागले. मला त्यांचा राग चालला असता. ते गाठ बांधणं बघवेना. मी घरात आलो. मनीषाने मात्र पदर खोचला आणि खाली गेली. मी वरून बघत होतो. ती सरांसमोर उभी राहून म्हणाली, "सर, आमच्या बाल्कनीत ऊन येतंय. पार सांजपत्तूर. एक रोप द्या."

सरांनी वर बघितलं. त्या पार्किंगच्या डोक्यावरून येणारं ऊन माझ्या तोंडावर होतं, म्हणून मी डोळे बारीक करून उभा होतो. "तुम्ही चादरी वाळत घालाल," सर म्हणाले आणि घरात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. गुडघ्यांमुळे सर कित्येक महिन्यांत जिना चढले नव्हते. ते कोणाशी न बोलता सरळ बाल्कनीत गेले. कठड्यावर हाताचा पंजा धरून सावली कुठे पडते ते बघितलं. दुपारी पुन्हा आले, पुन्हा पंजा धरला. मग मनीषाला म्हणाले, "बादली आहे का? रंगाची चालेल. भोक पाडावं लागेल."

त्या संध्याकाळी पहिलं रोप मातीच्या गड्ड्यासकट निघालं. सरांनी त्याचा लांबलेला शेंडा कात्रीने छाटला तेव्हा डोळे मिटून घेतले. मी बादली धरली होती, म्हणून मला दिसलं. "उपटत नाही हे," ते स्वतःशीच म्हणाले, "हलवतोय." पहिल्या मजल्यावर एक गेलं, दुसऱ्यावर दोन, गच्चीवर टाकीच्या कडेला चार. सेक्रेटरींनाही एक मिळालं, आणि त्यासोबत अंतर, पाणी आणि सभेत कमी बोलणं यांविषयी सूचना. शेवटी मेहुणाही आला. सरांनी त्याला सगळ्यात सशक्त रोप दिलं आणि वर दम दिला, "फवारलंस तं तुजे घरान पाय ठेवनार नाय."

खाली तीनच झाडं राहिली, हातभर अंतराने. बाकी रोजचा दिनक्रम म्हणजे सरांची फेरी. कुठल्याही घराचं दार कुठल्याही वेळी वाजायचं आणि सर आत येऊन आधी बाल्कनीत जायचे. आमच्याकडच्या झाडाने बरेच दिवस नुसता विचार केला. मग बुंध्यापासून नवे फुटवे आले, आखूड, जाड. पानं खरखरीत. अळ्या आल्या नाहीत असं नाही. आल्या, चावल्या, आणि थोडक्यात आटपून गेल्या. सर पान उलटं करून बघायचे आणि नुसतं "हं" म्हणायचे. ते "हं" ऐकायला मनीषा स्वयंपाक टाकून यायची.

पहिल्या फळाची आम्ही भाजी केली नाही. सरांनी त्याला दोरा बांधला होता. ते बियांचं होतं. ते आमच्या बाल्कनीत हिरव्याचं पिवळं होत गेलं आणि तेवढ्या काळात खाली बऱ्याच गोष्टी घडल्या. तळमजल्यावर आता दिवसाही दिवा लागायचा. ओलीने काकूंचे सांधे धरू लागले. उलव्याला मुलाचा फ्लॅट होता, सातव्या मजल्यावर. काकूंनी सांगितलं, मास्तरांनी आधी मुलाला फोनवर बाल्कनी दाखवायला लावली, मग हो म्हटलं.

सामान टेम्पोत चढलं, तेव्हा सर जिना चढून शेवटचे वर आले. निरोप घ्यायला आले असं मला वाटलं. मला खरंच वाईट वाटत होतं. सर माझ्याकडे न बघता बाल्कनीत गेले आणि त्या पिवळ्या वांग्यासमोर उभे राहिले. मग वळले. इतकी वर्षं लोक त्यांच्याकडे मागायला येत, तेव्हा ज्या चेहऱ्याने येत, तसा चेहरा त्यांचा झाला होता.

"मनीषाताई," ते म्हणाले, "हे एक मी नेऊ का? बी तुमचंच आहे आता. अर्धं परत देईन."

मनीषाच्या डोळ्यांत पाणी होतं. पण ती साताऱ्याची. तिने कमरेवर हात ठेवले.

"न्या की. आधी सांगा, उलव्याला चादरी कुटं वाळत घालणार?"

सर इतके हसले की चष्मा कपाळावरून नाकावर आला. "गच्चीवर," ते म्हणाले. "गच्चीवर घालीन, बाई." आणि हसता हसताच त्यांनी वांग्याच्या देठाला हात घातला आणि झटक्यात मागे घेतला. अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला होता. मी हळद आणायला धावलो, तर ते तो अंगठा उंच धरून जिन्याकडे तोंड करून खाली ओरडत होते, "अगो, टोचला! काटा हाय ह्याला! चांगला टोचला मना!"

खालून काकूंचा आवाज आला, "मंग रगत पुसा न या लवकर, टेम्पोवाला बोंबलतंय!"

आम्ही बाल्कनीतून बघितलं. टेम्पो फाटकाबाहेर वळत होता. पुढे ड्रायव्हरच्या शेजारी काकू आणि खिडकीशी सर. एका तळहातावर ते पिवळं वांगं धरलेलं, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा तोंडात.